येऊ दे, येऊ दे, बस्स!

जावई कुत्र्याचं पिल्लू घेऊन माझ्या दारात उभा राहिला तेव्हा त्याच्या हातात पिल्लू कमी आणि सामान जास्त होतं. एक फवारायची बाटली, दोरीला बांधलेली एक घंटी, चघळायचं रबरी हाड, आणि पिल्लाखाली अंथरायचे, लहान पोरांच्या लंगोटासारखे चौकोनी तुकडे, ढीगभर.

मी म्हणलं, “जावईबापू, कुत्रं आणलंय का बाळंतीण?”

तो हसला. जावई माझा हसतो. माणूस चांगला आहे, हीच तर अडचण. भांडायलासुद्धा जागा ठेवत नाही.

“ही घंटी दाराला लावायची,” तो म्हणाला. “बाहेर जायचं असलं की पिल्लू नाकानं वाजवतं. व्हिडिओत दाखवलंय.”

“मग तुमच्याकडं वाजवली का?”

“वाजवली ना. वाजवली आणि तिथंच केली.”

त्यांनी नवं घर घेतलं होतं, वर, लिफ्टनं जायचं. पायाखाली सगळी लाकडाची जमीन, आरशासारखी. नातीनं हट्ट करून पिल्लू आणायला लावलं. पांढरं, गुबगुबीत, म्हणून नाव ठेवलं ढग. ढग तो ढगच. मनाला येईल तिथं बरसायचा. लाकूड फुगायला लागलं, घरात वास मारायला लागला, नवराबायकोत तोंड वाजायला लागलं. शेवटी मुलीला बापाची आठवण झाली.

मुलगी दारातच उभी होती, फोनमध्ये बघत. “बाबा, तुमच्याकडं मागं अंगण आहे. सिमेंटची जमीन आहे. आणि तुम्हाला…”

“मला काय?”

“वेळ आहे.”

आता हे काही खोटं नाही.

“शिकला की घेऊन जातो,” ती म्हणाली. “आणि मग काय, तुम्हीही या की राहायला. ढग्यालाही करमेल.”

माणसाचे कानही लबाड असतात. मी त्यातलं ‘तुम्हीही या’ एवढंच ऐकलं. बाकीचं जावयाच्या सामानात राहिलं.

तसं आमचं वाकडं काहीच नव्हतं. पण बायको होती तोवर फोन हे खातं तिचं. मुलीचा फोन आला की मी उचलायचो, “हां, घे, आईशी बोल,” आणि फोन पुढं. दोघी तासभर बोलायच्या, मी बाजूला बसून अर्धं ऐकायचो, त्यात माझं पोट भरायचं. बायको गेली. मग फोन आला की मी सवयीनं म्हणायचो, “हां, घे…” आणि घ्यायला कुणी नसायचं. मुलगी तिकडं गप्प, मी इकडं गप्प. असले गप्प बसायचे फोन कोण करणार? कमी होत गेले. मग सणावारासारखे झाले. मग तेही नाही.

तेव्हा म्हणलं, कुत्रं तर कुत्रं. शिकवू. असं शिकवू की मुलगी म्हणेल, बाबांना हलवूच नका इथून.

माझं काम सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी आयुष्यभर गोदामात होतो. माल चढवायचा नाही, उतरवायचा नाही, लिहायचं तर नावच नको. माझं काम एकच. ट्रक मागं घ्यायला लावायचा. गोदामाला कमरेएवढा, ओट्यासारखा धक्का असतो. ट्रकचा मागचा फाळका त्याला चिकटून लागला पाहिजे. मध्ये फट राहिली तर हमालाचा पाय जातो, गाडी जास्त आली तर भिंत जाते. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. तो खिडकीतून मुंडकं काढतो आणि माझ्या आवाजावर गाडी सोडतो. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डावीकडं काट, येऊ दे… बस्स!” बस्स म्हणलं की फाळक्यावर एक थाप. यार्डात माझं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. येऊदेमामा म्हणायचे सगळे.

आणि मला एक खोड होती. गाडी मागं येता येता मी ड्रायव्हरची खुशाली विचारायचो. “येऊ दे, काय रे, बायको आली का दवाखान्यातून? येऊ दे, मुलगी झाली? वा वा, येऊ दे, जरा उजवीकडं, नाव काय ठेवलं? बस्स!” ड्रायव्हर माणूस, दिवसभर स्टिअरिंगशी बोलणार. कुणी विचारलं की घडाघडा सांगायचा. डोळा आरशात, पाय ब्रेकवर, आणि तोंडानं घरचं सगळं. साहेब वरून ओरडायचा, “मामा, गाडी लावतोय की सोयरीक जमवतोय?” पण एकही गाडी कधी भिंतीला लागली नाही माझ्या हातून. साहेबालाही ते माहीत होतं.

मग गाड्यांना मागं कॅमेरे आले. गिअर टाकला की आतून एक बाईच बोलायला लागते. त्या बाईला ड्रायव्हरच्या मुलीचं नाव माहीत नसतं, पण फट बरोबर सांगते. मला एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि घरी पाठवलं. तुम्हाला वेळ आहे, म्हणजे तो हा वेळ.

तर ढग्या. पहिले काही दिवस त्यानं माझ्या घराचं तळं केलं. शेगडीखाली, पलंगाखाली, एकदा माझ्या बुटात. ती घंटी दाराला लावली तर त्याला वाटलं खेळणं आहे. ते चौकोनी तुकडे त्यानं फाडून सगळीकडं कापूस केला. मी फडकं घेऊन त्याच्या मागं, तो माझ्या पुढं. ओरडून घसा बसला.

शेजारी एक शिंपीण राहते. तिची माझी भिंत एक. खिडकीत मशीन घेऊन बसते, आणि कपडे शिवता शिवता सगळ्या गल्लीच्या भानगडी उसवते. ती खिडकीतून म्हणाली, “काय हो मामा, कुत्र्याला ओरडताय का माझ्या मशीनला? मी घाबरून बाही उलटी लावली.”

“तुम्हीच शिकवा मग.”

“मी? मी तीन पोरं शिकवली, तिन्ही अजून दार लोटून घेत नाहीत. ओरडू नका त्याला. तो काय मुद्दाम करतो? त्याला आलं, त्यानं केलं.”

मग मी ओरडणं सोडलं आणि बघायला लागलो. गाडी बघायचो तसं. कुठलीही गाडी मागं यायच्या आधी अंगानं सांगते. ढग्याही सांगायचा. झोपेतून उठला की, खाल्लं की, खेळून दमला की नाक जमिनीला लावायचा आणि स्वतःभोवती गोल फिरायचा. फिरायला लागला की उचल आणि अंगणात ने. कोपऱ्यात एक रिकामं पोतं अंथरलं होतं, घरात सांडलेलं टिपलेलं फडकंही त्याच्यावरच टाकलं, म्हणजे वासानं कळेल. नेऊन त्याला पोत्यावर ठेवायचो. तो माझ्या तोंडाकडं बघायचा, मी त्याच्या. मुलाखतीला आल्यासारखे दोघं. आत आणला की लगेच दारातच पाट वाहायचा.

एका सकाळी असाच बघत बसलो होतो. तो पोत्यावर उभा, पाठ भिंतीकडं. एक पाऊल मागं सरकला. अजून एक. मागचा भाग हळूहळू खाली यायला लागला, धक्क्याला गाडी लागताना येतो तसा. माझं तोंड आपोआप उघडलं. मी काही ठरवलं नव्हतं, देवाशप्पथ. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे…”

आणि आलं की हो! ही मोठी धार. मी म्हणलं, “बस्स!” आणि बाजूच्या पत्र्याच्या पिंपावर थाप मारली. तो दचकला, मग शेपूट हलवत आला आणि माझ्या पायावर पडला. मी त्याला बिस्कीट दिलं. एक मीही खाल्लं. किती वर्षांनी गाडी लावली होती.

पलीकडून शिंपीण म्हणाली, “मामा, ट्रक आला का दारात?”

“आला! आणि बरोबर लागला!”

त्यानंतर घर कोरडं. उठला, खाल्लं, खेळला की अंगण, मी म्हणायचो, तो करायचा. पुढं पुढं पोतंही काढलं. आवाज पुरे. मला वाटलं कुत्रा तयार झाला. यात चूक कुठं झाली ते मला तेव्हा कळलं नाही. अहो, मीच रोज म्हणत होतो, मग न म्हणता तो करतो का, हे बघणार कोण?

मी फोन केला. “शिकला. या.”

“अय्या, खरंच बाबा?” मुलगी एवढ्या खुशीत किती दिवसांनी बोलली होती. “रविवारी येतो.”

रविवारपर्यंत मी बॅग भरली. बायकोची होती, तिची चेन अडकायची, तिला मेण लावून सरळ केली. चांगले शर्ट आत घातले, सगळे इस्त्रीचे. शिंपीणीनं एकाची कॉलर फिरवून दिली. दाढीचं सामान, चष्म्याची डबी, घड्याळ. भिंतीवरचंच, तिथं लावायला म्हणून. शिंपीणीला किल्ली दिली. ती म्हणाली, “किती दिवस?” मी म्हणलं, “बघू, ते सोडतील तेव्हा.” तोऱ्यातच म्हणलं.

ते आले. जावयानं ढग्याला अंगणात नेलं, मी आवाज दिला, ढग्यानं केलं. जावयानं टाळ्या वाजवल्या. नात नाचली. मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही ग्रेट आहात हं,” आणि घड्याळात बघितलं. “चला, निघूया, ह्यांना परत एके ठिकाणी जायचंय.”

मी उभाच. ती जावयाला म्हणाली, “वाडगं घेतलं? पट्टा घेतला?” सगळं घेतलं. काहीच राहिलं नव्हतं.

नात पलंगाजवळ गेली. “आजोबा, ही बॅग कुणाची?”

मुलीनं बॅगेकडं बघितलं. मग माझ्याकडं. मी इस्त्रीच्या शर्टात, पायात बूट घातलेला. तिला कळलं का नाही, मला आजही सांगता येत नाही. पण तिनं तोंड उघडायच्या आत मी बोललो.

“ढग्याची,” मी म्हणलं. “त्याला अंथरायला जुने कपडे आहेत. माझ्या वासाची सवय झालीय त्याला, नवीन जागेत रडायचा नाही.”

“किती विचार केलात बाबा!” जावई म्हणाला. आणि बॅग उचलली.

घड्याळ तेवढं मी कसंबसं वरच्या वर काढून घेतलं. शर्ट गेले. इस्त्रीचे शर्ट कुत्र्याखाली गेले. फिरवलेल्या कॉलरचा पण.

संध्याकाळी किल्ली परत घ्यायला गेलो तर शिंपीणीनं नुसती हातावर ठेवली. मग तिच्यानं राहवलं नाही. “लवकर सोडलं हो त्यांनी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सकाळी फोन. मुलगी. आवाज रडकुंडीला आलेला. “बाबा, हा खाली बागेत काही करतच नाही! किती वेळ झाला, नुसता तोंडाकडं बघतोय. वर आणला की लाकडावर करतो. तुम्ही काय करायचात?”

“मी काय करणार? म्हणायचो.”

“काय म्हणायचात? काल मी फोनमध्ये होते, नीट ऐकलंच नाही.”

सांगितलं. तिनं म्हणून बघितलं. लाजत लाजत, आजूबाजूला लोक होते. काही नाही. जावयानं म्हणून बघितलं. काही नाही. मी म्हणलं, “फोन त्याच्या कानाला लाव.” आणि मी इकडं अंगणात उभा राहून, रिकाम्या कोपऱ्याकडं बघत, आवाज दिला. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे…”

तिकडून मुलगी ओरडली, “केली! बाबा, केली!”

“बस्स!” आणि मी पिंपावर थाप मारली. पिंप पार तिकडं ऐकू गेलं असेल.

तेव्हापासून रोज फोन. सकाळी आणि संध्याकाळी. ज्या मुलीचा आवाज ऐकायला मी महिनोन्महिने बसायचो, ती आता दिवसातून दोनदा बोलत होती. कुत्र्याच्या मुतापायी का होईना. मी सकाळी लवकर उठून दाढी करायला लागलो. शिंपीण म्हणाली, “फोनमधून खुंट दिसतात का हो?”

“आवाजात येतात,” मी म्हणलं.

आणि माझी जुनी खोड परत आली. ढग्याचं झालं, बस्स म्हणलं, शाब्बास म्हणलं, की मी लगेच विचारायचो, “आणि तू कशी आहेस गं?” पहिल्यांदा ती दोन मिनिटं बोलली. पाठ दुखते म्हणाली, बायकोची दुखायची तशी. कामावर नवीन बाई आलीय, ती त्रास देते म्हणाली. मी ऐकलं. मला काही सांगता आलं नाही, पण ऐकलं सगळं. शिंपीणीकडून पाठीला काय लावायचं ते विचारून ठेवलं आणि संध्याकाळी सांगितलं.

मग “बरी आहे बाबा, ठेवते” झालं. मग “बरी आहे” गेलं, नुसतं “ठेवते.” मग मुलीच्या जागी जावई फोन करायला लागला. “बाबा, जरा म्हणता का?” जसा कुणी सायकलला हवा भरायला पंप मागतो.

शिंपीण रोज विचारायची, “झाली का साहेबांची?” मी म्हणायचो, “झाली.” तिलाही सवय लागली होती.

आणि एक दिवस फोन आला नाही. मी अंगणात उभा, दाढी करून. संध्याकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला तर मुलगी उचलेना. नंतर निरोप आला, कामात आहे, करते. केला नाही.

“कुत्रं गेलं हो,” मी शिंपीणीला म्हणलं. “गाडीखाली आलं असणार. मला सांगायचा धीर होत नाही त्यांना.”

“का पोरगीच आजारी असेल?”

हे तिनं बोलायला नको होतं. मी उठलो, जुना शर्ट घातला, चांगले तर कुत्र्याकडं होते, आणि निघालो. वाटेत मनाशी जुळवत होतो, नातीला काय सांगायचं. कुत्र्याचं आयुष्य माणसापेक्षा कमी असतं बाळा, असं काहीतरी. दोन गाड्या बदलल्या, चालत गेलो. त्यांची इमारत म्हणजे आरसेच आरसे. फाटकाला एक वॉचमन, खुर्चीत बसलेला.

मी त्याला म्हणलं, “वर जायचंय. अमुक घरी. त्यांचं कुत्रं… बरं आहे ना?”

वॉचमननं मान वर केली. डोळे बारीक केले. “परत बोला.”

“म्हणलं, त्यांचं कुत्रं बरं आहे ना?”

“अहो!” तो उठलाच. “तुम्हीच का ते! येऊ दे, येऊ दे!”

मला काही कळेना.

“आवाज हो तुमचा! रोज ऐकतो ना आम्ही. साहेब सकाळी कुत्रा आणतात, फोनवर तुमचा आवाज लावतात. त्यानं केली की वर. इथली पोरंसुद्धा म्हणतात आता, येऊ दे, येऊ दे, बस्स, शाब्बास!” त्यानं माझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. पिंपावरची थापसुद्धा तोंडानं काढली. “आणि शेवटी ते, आणि तू कशी आहेस गं? साहेब फोन खिशात टाकतात आणि ते खिशात वाजतं. मी म्हणतो कधी कधी इथून, बरी आहे हो आजोबा!”

तो हसला. मलाही हसावं लागलं. माणूस गमतीचा होता.

“आणि ताई?” मी विचारलं. “ती आणते का कधी?”

“संध्याकाळी ताईच. पण त्या पूर्ण नाही वाजू देत. शाब्बास झालं की पटकन बंद करतात. अंगठा बरोबर तिथं पडतो त्यांचा.”

मी त्याच्या केबिनमध्ये बसलो. त्यानं पाणी दिलं. वर कळवू का म्हणाला, नको म्हणलं. काय कळवणार? कुत्रं मेलं असं समजून आलो होतो, आता जिवंत निघालं म्हणून रडू का?

थोड्या वेळानं ती खाली आली. ढग्या केवढा झाला होता. तिच्या कानात त्या कापसाच्या बोळ्याएवढ्या, बिनवायरच्या गोळ्या, कुणाशी तरी कामाचं बोलत होती. “नाही, नाही, तो भाग उद्यापर्यंत होईल, मी बघते.” बागेच्या कडेला थांबली. दुसरा फोन काढला, बोलता बोलताच दाबला.

माझा आवाज आला. मला तर तो कुण्या म्हाताऱ्याचा वाटला. “येऊ दे, येऊ दे, येऊ दे…” मागं शिंपीणीचं मशीनही वाजत होतं.

पण ढग्या करेना. त्यानं नाक वर केलं. वारा माझ्याकडून तिकडं जात होता. तो केबिनकडं वळला, पट्टा ताणला, कुंई कुंई करायला लागला. आवाज फोनमधून आणि वास इकडून, बिचाऱ्याला गाडी कुठं लावायची कळेना. मुलीनं परत दाबलं. परत. “एक मिनिट हं,” ती फोनवरच्या माणसाला म्हणाली. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या, एक हात पाठीवर गेला. पाठ दुखत होती तिची. मला लांबून दिसत होतं.

तिनं अजून एकदा दाबलं, आणि त्याच वेळी मी केबिनच्या खिडकीतून हळूच म्हणलं, “येऊ दे, येऊ दे…”

ढग्या खाली बसला. त्याचं झालं. मी थांबलो, पूर्ण होऊ दिलं, मग म्हणलं, “बस्स.” थाप नाही मारली.

“शाब्बास,” मुलगी म्हणाली. ढग्याला. तिचा अंगठा फोनवर पडला. “हां, बोला, तर मी काय म्हणत होते…” आणि ती वळली. ढग्या मागं बघत बघत, ओढला जात जात, लिफ्टमध्ये गेला.

वॉचमन माझ्याकडं बघत होता. आता तो हसत नव्हता. “बोलवू का हो ताईंना?”

“नको. कामात आहे.”

घरी आलो तर शिंपीण खिडकीतच. “काय? गेलं का कुत्रं?”

“नाही,” मी म्हणलं. “चांगलं शिकलंय.”

त्यानंतर मी सकाळची दाढी सोडली. बरेच दिवस तसेच गेले. मग एका दुपारी मी डोळे मिटून पडलो होतो तर फोन वाजला. मुलगी.

“बाबा, कसे आहात?” असं पटकन विचारून तिनं उत्तराची वाट बघितली नाही. “ऐका ना. ते ढग्याचं… आम्ही तुमचा आवाज टेप करून ठेवला होता. म्हणजे तुम्हाला रोज रोज त्रास नको म्हणून.”

“मला त्रास नको म्हणून.”

“हो ना. पण ह्यांनी फोन बदलला, माझाही बदलला, त्यात ते आलंच नाही. आणि हा परत लाकडावर करायला लागलाय. परत एकदा म्हणता का? फक्त तेवढंच म्हणा. मी मध्ये काही बोलणार नाही हं, नाहीतर माझा आवाज येतो त्यात. चालू करू?”

मी उठून अंगणात गेलो. पिंपाजवळ उभा राहिलो. पलीकडं मशीन चालू होतं, ते थांबलं.

“कर,” मी म्हणलं.

तिकडं शांत झालं.

“येऊ दे,” मी म्हणलं. “येऊ दे, येऊ दे… काय गं, पाठ कशी आहे तुझी? येऊ दे… ती कामावरची बाई अजून छळते का? येऊ दे, जरा डावीकडं… रात्री झोप लागते का? येऊ दे… पोरगी विचारते का गं, आजोबा कुठंय म्हणून? येऊ दे, येऊ दे… आई आठवते का तुला? मला फोनवर काही बोलता येत नाही गं, तिला यायचं, येऊ दे… ते शर्ट माझे चांगले होते. ती बॅग माझी होती. येऊ दे…”

तिकडून श्वास तेवढा ऐकू येत होता. एखादा ड्रायव्हर असता तर एवढ्यात घरचं सगळं सांगून मोकळा झाला असता. पण तिला बोलायचं नव्हतं. रेकॉर्ड होत होतं ना.

मी थांबलो. थोडा जास्तच थांबलो. गाडी भिंतीपर्यंत आली असं वाटलं तेव्हा म्हणलं, “बस्स.” आणि पिंपावर थाप मारली.

ती म्हणाली, अगदी हळू, “बाबा…”

“बोल.”

“ते मधलं… ह्यांना कापता येईल ना?”

“मला काय विचारतेस बाळा,” मी म्हणलं. “त्यांना विचार.”

“बरं,” ती म्हणाली. “ठेवते.”

फोन बंद झाला. मी तसाच पिंपावर हात ठेवून उभा राहिलो. खिडकीत शिंपीण होती. तिनं सगळं ऐकलं होतं, ऐकणारच, भिंत काय ती. पण ती नेहमीसारखं टोचून काही बोलली नाही. दोरा दातानं तोडला, सुई कॉलरला खोचली आणि विचारलं, “काय म्हणाली?”

“बरी आहे म्हणाली,” मी म्हणलं.